आमच्या प्रिंटरचा पत्ता

मनुष्य हरवला म्हणजे त्याचा शोध करितात, वस्तु हरवली म्हणजे तिचा शोध करितात. परंतु जी वस्तु मुळींच हरवलेली नाहीं, जी आपल्यापासून तीन हातांवर मेजावर बसलेली आहे, जिचा हिरवा दिवा आपल्याकडे पाहून मिचमिच करीत आहे, तिचा शोध करण्याची पाळी गेल्या कार्तिकांत आमच्यावर आली. ही वस्तु म्हणजे आमचा प्रिंटर. तो कोठें आहे हें आम्हांस ठाऊक होतें, आमच्या घरच्या मंडळींस ठाऊक होतें, आणि त्याच्या उबेला घटकाभर डुलकी घेण्याची संवय लागलेल्या शेजारच्या मांजरासहि ठाऊक होतें. ठाऊक नव्हतें तें फक्त आमच्या संगणकास. आणि दुर्दैव असें कीं, छापण्याचें काम त्याच्या हुकुमावांचून होत नाहीं.

हा प्रिंटर आमच्या घरीं कां आला तें आधीं सांगितलें पाहिजे. आम्हांस शाळेंत मराठी शिकविणारे गुरुजी आज नव्वदीच्या घरांत असून वाईस राहतात. दृष्टि अधू झाल्यापासून मासिकांतला बारीक टाइप त्यांना वाचवेना, आणि मोबाईलच्या कांचेवर उमटतात त्यांना तर ते अक्षरेंच मानीत नाहींत. म्हणून आम्हीं लिहिलेला, किंवा दुसऱ्या कोणीं लिहिलेला पण गुरुजींना आवडेलसा, एखादा लेख ठळक मोठ्या टाइपांत कागदावर छापावा आणि दरमहा पोष्टानें वाईस धाडावा, असा आमचा कित्येक वर्षांचा परिपाठ होता. पानांबरोबर चिठ्ठी घालण्याची चाल नव्हती. लेख हीच चिठ्ठी. त्यावर गुरुजींचें कार्ड येई. कार्डांत लेखाचें कौतुक एका ओळींत आणि शुद्धलेखनाच्या चुका सात ओळींत असत. आणि खरें सांगावयाचें तर, त्या सात ओळींची आम्ही त्या एका ओळीहून अधिक वाट पाहत असूं.

परंतु जवळजवळ वर्षभर हें कार्ड येईनासें झालें होतें. पहिल्या महिन्यांत आम्हीं पोष्टास दोष दिला. दुसऱ्या महिन्यांत गुरुजींच्या प्रकृतीची काळजी केली. आणि तिसऱ्यापासून, कबूल करण्यास लाज वाटते पण करतों, आम्ही रागावलों. त्याच सुमारास धाडलेल्या एका लेखांत गुरुजींच्या एका आवडत्या मताचा आम्हीं प्रतिवाद केला होता. तो त्यांना झोंबला असावा असा तर्क आम्हीं बांधला, आणि एकदां बांधलेला तर्क मनुष्य बांधलेल्या घरापेक्षांहि अधिक जपतो. गुरुजींच्या घरचा तारेचा फोन केव्हांच बंद पडला होता. त्यांच्या मुलाचा किंवा सुनेचा मोबाईल नंबर आम्हीं कधीं विचारून घेतला नव्हता. आणि ‘एवढीशी पुण्याहून वाई, एकदां जाऊन यावें’ हा विचार मनांत आला तरी अभिमान त्याला दारांतूनच परत लावी. चार महिने वाट पाहून पांचव्या महिन्यापासून आम्हींहि पानें पाठविणें बंद केलें.

दिवाळी झाली. आमचा एक लेख एका दिवाळी अंकांत आला होता. तो वाचून आमच्या घरच्या मंडळी म्हणाल्या, “हा तरी गुरुजींना पाठवा. राग एकट्याचा असेल, सण सगळ्यांचा आहे.” या वाक्यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. आम्हीं लेख मोठ्या टाइपांत मांडला, छापण्याची आज्ञा दिली, आणि संगणकानें उत्तर दिलें कीं, प्रिंटर ‘ऑफलाइन’ आहे.

ऑफलाइन म्हणजे काय, हें ज्यांस ठाऊक नसेल असा वाचक आज विरळा. तरी या शब्दाचा सूर लक्षांत घेण्याजोगा आहे. ‘मला तो सांपडत नाहीं’ असें संगणक म्हणत नाहीं. ‘तो गेला आहे’, ‘तो ऐकत नाहीं’, असें तो म्हणतो. सगळा दोष ज्याला बोलतां येत नाहीं त्याच्या माथीं. आम्हीहि असे भाबडे कीं, त्या आरोपावर विश्वास ठेवून आम्हीं प्रिंटरावरच उपचार सुरू केले. तो बंद करून पुन्हां सुरू केला. पोटांतले कागद काढून पुन्हां भरले. शाई संपली असेल म्हणून नवें काट्रिज आणलें, तें बसविलें, आणि जुनें अर्धे भरलेलें होतें हें मागाहून कळलें. दर उपचारानंतर आम्हीं छापण्याची आज्ञा नव्यानें दिली, आणि दर वेळीं संगणकानें ती रांगेंत मागें उभी करून तोच शब्द उच्चारला. असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशीं आमची पुतणी आली. ती अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमचें सर्व कथन शांतपणें ऐकून घेतल्यावर तिनें एकच प्रश्न केला:

“काका, त्याला विचारलेंत का?”

“कोणाला?”

“प्रिंटरला. तुमचा पत्ता काय, म्हणून.”

आम्ही हंसलों. ती हंसली नाहीं. आमच्या प्रिंटरास पडदा नाहीं. तीन दिवे आणि चार बटणें एवढाच त्याचा संसार. ज्या प्रिंटरांना लहानसा पडदा असतो त्यांत नेटवर्कच्या सदराखालीं पत्ता उघड वाचावयास मिळतो. आमच्यासारख्या मुक्या यंत्राला मात्र एक ठराविक बटण कांहीं सेकंद दाबून धरावें लागतें. तिनें तें धरलें. आंत कांहींतरी घरघरलें, आणि आठ दिवस ज्यानें एक अक्षर छापलें नव्हतें त्या प्रिंटरानें स्वच्छ, काळेभोर अक्षरांचें एक पान आमच्या हातांत दिलें. त्यावर त्याचें नांव होतें, त्याच्या घडणीचा क्रमांक होता, तो ज्या वाय-फायला जोडलेला होता त्याचें नांव होतें, आणि मधोमध त्याचा आयपी ॲड्रेस होता: १९२.१६८.१.१२.

पुतणीनें मग संगणक उघडला, प्रिंटरच्या गुणधर्मांच्या सदरांत शिरून ‘पोर्ट’ या नांवाचें पान काढलें, आणि तेथें लिहिलेला आंकडा आम्हांस दाखविला: १९२.१६८.१.७.

सर्व भानगड ती एवढीच. प्रिंटर बाराव्या घरीं जागा होता आणि संगणक सातव्या घराचें दार ठोठावीत होता.

आमच्यासारख्या अनभिज्ञांसाठीं या आंकड्यांचा थोडा खुलासा केला पाहिजे. संगणकाच्या यादींत प्रिंटरचें भलें मोठें नांव दिसतें. पण तें आपल्या समाधानासाठीं. नांवाच्या पाठीमागें एक आंकडा नोंदलेला असतो, आणि मजकूर जातो तो नांवाकडे नव्हे, त्या आंकड्याकडे. या आंकड्याचे चार भाग असतात. प्रत्येक भाग शून्यापासून २५५ पर्यंत कितीहि असूं शकतो. १९८१ सालच्या सप्टेंबरांत ही रीत ज्या मसुद्यानें कायम झाली, त्याप्रमाणें असे एकंदर ४,२९,४९,६७,२९६ पत्ते होऊं शकतात. त्या वेळीं ते अमाप वाटले असतील. पुढें ते जगाला पुरेनात, आणि ३ फेब्रुवारी २०११ रोजीं मध्यवर्ती कोठारांतले शेवटचे मोठे गट वांटून झाले. तत्पूर्वींच, १९९४ सालीं, कांहीं आंकडे केवळ घरगुती वापरासाठीं बाजूस काढून ठेवण्यांत आले होते. १९२.१६८ नें सुरू होणारे पत्ते हे त्यांतले. असा पत्ता आमच्या घरांत आहे, तुमच्याहि घरांत असेल, आणि त्यामुळें कोणाचा घोंटाळा होत नाहीं. ‘मारुतीच्या देवळासमोर’ हा पत्ता गांवांत बिनचूक असतो; गांवाबाहेर त्याला अर्थ नाहीं, कारण मारुती गांवोगांव आहे. तसेंच हें.

हे आंकडे पाहून आम्हांस आपल्या पिनकोडाची आठवण झाली. १५ ऑगस्ट १९७२ रोजीं तो आपल्या देशांत सुरू झाला, आणि त्याची योजना श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी गृहस्थांची. वेलणकर हे पोष्टखात्यांतले मोठे अधिकारी आणि संस्कृतांत काव्य-नाटकें लिहिणारे पंडित. एकाच नांवाचीं अनेक गांवें, एकाच गांवाच्या नांवाचीं अनेक स्पेलिंगें, आणि पत्ते लिहिण्याच्या अनेक लिप्या, या गोंधळांतून पत्र सुखरूप नेण्याचा उपाय शब्दांत नसून अंकांत आहे हें शब्दांच्या उपासकानें ओळखावें, यांत एक प्रकारचा निःस्पृहपणा आहे. सहा अंकांपैकीं पहिला देशाचा विभाग सांगतो, दुसरा पोटविभाग, तिसरा टपाल-वर्गवारीचा जिल्हा, आणि उरलेले तीन पत्र ज्या कचेरींतून वांटावयाचें ती कचेरी. आमच्या प्रिंटरच्या पत्त्याचेंहि तसेंच: पहिले तीन आंकडे घरच्या जाळ्याचे, सर्वांना समान, शेवटचा एकट्याचा. म्हणून चूक होते ती बहुधा शेवटच्या आंकड्यांत, आणि ती डोळ्यांस दिसत नाहीं. कारण बाकीचें सर्व बरोबर असतें.

पण सातचा बारा झाला कसा? याचें उत्तर पुतणीनें दिलें तें आम्हां जन्माच्या भाडेकरूंस चटकन् समजलें. घरांतल्या यंत्रांना हे पत्ते मालकीनें मिळत नाहींत, भाड्यानें मिळतात. भिंतीवरचा राउटर हा मालक. नवें यंत्र घरांत आलें कीं तें हांक मारून पत्ता मागतें. राउटर एक रिकामा आंकडा ठराविक मुदतीनें देतो. अर्धी मुदत संपली कीं यंत्र आपण होऊन मुदतवाढ मागतें, आणि राउटर ती देतो. ही व्यवस्था १९९३ सालापासूनची. ती इतकी बिनबोभाट चालते कीं, भाडेकरू जागा आहे तोंवर त्याला आपण भाडेकरू आहों याचा विसरच पडावा. भाडेकरू कांहीं दिवस निजला, त्याची मुदत टळली, आणि त्याच वेळीं दाराशीं दुसरा येऊन उभा राहिला, म्हणजे खोली त्याला जाते.

आमच्या घरीं घडलें तें असें. वसुबारसेला आकाशकंदील लावण्यासाठीं खिडकीजवळचें बटण हवें होतें; त्यावर प्रिंटरचा प्लग होता, तो काढला. पाडव्याला घरांत नवा टी.व्ही. आला. त्यानें पत्ता मागितला, राउटरनें पाहिलें, सात नंबर रिकामा, दिला. तुळशीचें लग्न लागलें, कंदील उतरला, प्रिंटर पुन्हां जोडला. त्यानें आपली जुनी जागा मागितली, ती भरलेली. त्याला बारावी मिळाली. तो तेथें मुकाट्यानें जाऊन बसला. आठ दिवस आमचा लेख दिवाणखान्यांतल्या टी.व्ही.च्या दाराशीं जात होता, आणि टी.व्ही. त्याला, आपला कांहीं संबंध नाहीं म्हणून, परत लावीत होता.

“पण प्रिंटर आपण होऊन सांगत कां नाहीं, कीं मी घर बदललें?” आम्हीं विचारलें.

“सांगतो कीं. हल्लीचे प्रिंटर नांवानें ओळख देतात. संगणकानें नांवानें हांक मारली तर पत्ता कोणताहि असला तरी ओ देतात. पण तुम्ही त्याला नांवानें हांक मारीतच नव्हता. हा सातचा आंकडा कोणीतरी हातानें घातलेला आहे.”

हा ‘कोणीतरी’ म्हणजे आम्ही. प्रिंटर आणला त्या दिवशीं कोणाच्या तरी सल्ल्यावरून, एकदां घातला म्हणजे कायमचा, या समजुतीनें आम्हींच तो आंकडा टंकिला होता, आणि नीट घातला म्हणून स्वतःची पाठहि थोपटली होती.

जिज्ञासेनें आम्हीं विचारलें कीं, प्रिंटर दूर असता, बटण दाबूनहि बोलता ना, तर काय केलें असतें. तिनें आणखी दोन मार्ग दाखविले. पहिला, मालकाची वही पाहणें. संगणकावर राउटरचें पान उघडलें, कीं त्यांत कोणत्या नंबरांत कोण राहतो याची यादी असते. आमच्या यादींत सातवर टी.व्ही. होता, तीनवर आणि नऊवर मोबाईल होते, आणि बारावर नांवाच्या जागीं नुसती बारा अक्षरांची एक ओळ होती. ही ओळ म्हणजे यंत्राची जन्मखूण. ती कारखान्यांत मिळते, तिचा पहिला अर्धा भाग कोणत्या कारखानदाराचा हें सांगतो, आणि घर बदललें तरी ती बदलत नाहीं. प्रिंटरच्या पाठीवरच्या चिठ्ठीवर तीच ओळ छापलेली होती. दोन्हीं जुळल्या, ओळख पटली. दुसरा मार्ग हांकेचा. १९८२ सालीं ठरलेल्या रीतीप्रमाणें संगणक सगळ्या घराला उद्देशून विचारतो, ‘अमुक नंबर कोणाचा?’ ज्याचा असेल तो एकटाच आपली जन्मखूण सांगून ओ देतो, बाकीचे गप्प राहतात. चाळीच्या अंगणांत उभें राहून एखाद्याच्या नांवानें ओरडावें, आणि तिसऱ्या मजल्यावरून एकच डोकें बाहेर यावें, तसा हा प्रकार. मिळालेल्या उत्तरांची यादी संगणकाकडून मागून घेतां येते. मग संशयित पत्ता ब्राउझरमध्यें टंकावा. तो प्रिंटरचा असेल तर बहुधा त्याचें स्वतःचें पान उघडतें आणि शाई किती उरली आहे तेंहि दिसतें. आणखी एक खूण तिनें सांगितली: पत्ता १६९.२५४ नें सुरू होत असला, तर समजावें कीं त्या यंत्राची मालकाशीं गांठच पडलेली नाहीं. तें आपल्याच मनानें एक आंकडा धरून अंधारांत बसलें आहे.

“इतके मार्ग आहेत,” ती म्हणाली, “पण पहिला मार्ग त्यालाच विचारण्याचा. तो लोक शेवटीं करतात.”

मग तिनें दोन कामें केलीं. संगणकांतला जुना आंकडा पुसून नवा घातला. आणि राउटरच्या वहींत प्रिंटरच्या जन्मखुणेपुढें बारा हा आंकडा राखून ठेवला, कीं यापुढें दिवाळी येवो वा पाहुणे येवोत, ती खोली दुसऱ्या कोणास मिळूं नये. दुसरें काम होतें न होतें तोंच प्रिंटरानें दीर्घ श्वास घेतल्यासारखा आवाज केला आणि पानें बाहेर पडूं लागलीं. आठ पानांचा लेख. पण आम्हीं आठ दिवसांत दिलेल्या सगळ्या आज्ञा रांगेंत उभ्या होत्या, त्या एकामागून एक पुऱ्या होऊं लागल्या. लेखाच्या चार प्रती निघाल्या, पांचवी निघतांना कागद संपला. एकहि आज्ञा त्यानें नाकारली नव्हती. त्याच्यापर्यंत एकहि पोहोंचलीच नव्हती.

घरोघर पसरलेल्या या जाळ्याच्या पूर्वजांत आमच्या प्रिंटरसारख्याच एका यंत्राचा हात आहे, हें तिनें त्या दिवशीं आम्हांस सांगितलें. १९७३ सालीं कॅलिफोर्नियांतल्या पालो आल्टो येथें, झेरॉक्सच्या संशोधन-केंद्रांत, रॉबर्ट मेटकाफ यांनीं इथरनेटची कल्पना मांडली, तेव्हां खोलीखोलींतल्या संगणकांवरून एका लेझर प्रिंटरपर्यंत मजकूर पोहोंचावा ही निकड त्यांच्यापुढें होती. एकाचें म्हणणें दुसऱ्याच्या हातून कागदावर उतरावें, या साध्या गरजेंतून एवढा खटाटोप वाढला.

पुतणी गेली. आम्हीं एक प्रत घडी करून पाकिटांत घातली, गुरुजींचा पत्ता लिहिला, वाईचा पिनकोड ४१२८०३ तोंडपाठ होता तो घातला, आणि संवयीनें खणांतला रबरी शिक्का काढून पाकिटाच्या डाव्या कोंपऱ्यांत मारला. ‘प्रेषक’ म्हणून आमचें नांव, पत्ता, पिनकोड असा तो शिक्का. शाई ओली होती म्हणून पाकीट हातांत धरून फुंकर घालीत होतों. आणि फुंकर घालतां घालतां नजर अंकांवर गेली. ४११०३०.

आम्हीं सदाशिव पेठेंतला वाडा सोडून कोथरूडास आलों त्याला चौदा महिने झाले होते. कोथरूडचा पिनकोड ४११०३८. पहिले पांच अंक तेच. फक्त शेवटचा निराळा.

पाकीट खालीं ठेवून आम्ही किती वेळ बसलों होतों तें आठवत नाहीं. बँकेला नवा पत्ता कळविला होता, वीज मंडळाला कळविला होता, गॅसवाल्याला कळविला होता; ज्यांचीं बिलें येतात त्या सर्वांना कळविला होता. पोष्टांत पत्ताबदलाचा अर्ज देणें राहून गेलें होतें, आणि गुरुजींना कळवावयास कोणी बिल पाठवीत नव्हतें. शिक्का होता, शिक्क्यावर आमचा विश्वास होता, आणि वर्षभर, दर पाकिटागणिक, आम्ही आपल्याच हातानें गुरुजींना सातव्या घराचा पत्ता देत होतों आणि बाराव्या घरीं बसून त्यांना ‘ऑफलाइन’ म्हणत होतों.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं सदाशिव पेठेंत गेलों. वाडा पाडून तेथें इमारत व्हावयाची आहे, पण अजून तो उभा आहे. माणसें मात्र कोणी उरलीं नाहींत. तळमजल्यावरचा वाणी तेवढा दुकान लावून होता. आम्हांस पाहतांच त्यानें गल्ल्याखालचा खण ओढला आणि रबरबँड लावलेलीं पांच कार्डें पुढें केलीं. “पोष्टमन नवा आहे, ठेवून गेला. म्हटलें, येतील कधीतरी. वर्ष झालें कीं हो.” त्याच्या शब्दांत तक्रार नव्हती.

फळीला टेकून उभ्या उभ्याच आम्हीं तीं वाचलीं. पहिल्यांत, ज्या प्रतिवादावरून गुरुजी रागावले असें आम्हीं ठरविलें होतें, त्याविषयीं एक ओळ होती: प्रतिवाद पटला, आपण मत बदलीत आहों. खालीं सात ओळी. त्यांत ‘आशिर्वाद’ नव्हे ‘आशीर्वाद’, पन्नास वर्षें सांगत आलों, असें होतें. दुसरें नेहमीसारखेंच. तिसऱ्यांत अक्षर एकाएकीं मोठें झालेलें, आणि शेवटची ओळ वरच्या ओळीवर चढलेली. चौथें कार्ड दुसऱ्याच हातचें, गोल गोल, शाळकरी अक्षराचें: ‘आजोबांना आतां दिसत नाहीं. ते सांगतात तें मी लिहितें आहे.’ पांचवेंहि त्याच हातचें होतें. त्यांत एकच वाक्य होतें: ‘पानें येईनाशीं झालीं, रागावलास काय?’

घरीं न जातां आम्ही तसेच स्वारगेटला गेलों आणि वाईची एस्.टी. धरली. पाकीट पिशवींत होतेंच. खंबाटकीच्या घाटांत गाडी रखडली तेवढ्यांत आम्हीं माफीचीं चार वाक्यें मनांत जुळविलीं, खोडलीं, पुन्हां जुळविलीं. गुरुजींपुढें उभें राहिल्यावर त्यांतलें एकहि आठवलें नाहीं. ते ओसरीवर बसले होते. डोळे आमच्या दिशेनें होते, पण आमच्यावर नव्हते. आम्हीं “गुरुजी” म्हणून हांक मारली. त्यांनीं मान किंचित् कलती केली, आणि क्षणभरानें म्हणाले,

“तूं होय? मग घर बदललेंस वाटतें. कळवावें तरी.”

वर्षभराच्या मौनाचें कारण त्यांनीं एका वाक्यांत ओळखलें. आम्हांस त्याला चौदा महिने, एक प्रिंटर आणि एक पुतणी लागली. पण त्यांनींहि मध्यंतरी तें ओळखलें नव्हतें. पांचवें कार्ड आमच्या खिशांत होतें. दोघेहि शहाणे, दोघांचाहि तर्क एकच, आणि दोघांचाहि खोटा. दुसरा गप्प आहे असें वाटलें, कीं तो रागावला आहे असें मन म्हणतें. आपल्या वहींतला त्याचा, किंवा त्याच्या वहींतला आपला, शेवटचा आंकडा चुकला असेल हें सर्वांत साधें कारण सर्वांत शेवटीं सुचतें. बटण दाबून विचारावयाचें राहून जातें.

मोठ्या टाइपांतलीं तीं पानें आतां त्यांच्या कामाचीं राहिलीं नव्हतीं. तीं वेळेवर जातीं तर त्यांतलीं कांहीं तरी त्यांनीं आपल्या डोळ्यांनीं वाचलीं असतीं. ही गोष्ट नवा शिक्का केल्यानें भरून येणारी नाहीं, आणि ती भरून आली असें आम्ही म्हणत नाहीं. आम्हीं पाकीट फोडलें आणि लेख मोठ्यानें वाचून दाखविला. गुरुजी डोळे मिटून ऐकत होते. तिसऱ्या पानावर त्यांनीं हात वर केला.

“‘आशीर्वाद’ म्हणालास. शी दीर्घ लिहिली आहेस ना?”

आम्हीं पानाकडे पाहिलें. या खेपेस दीर्घ होती.

निघतांना त्यांनीं नातीला हांक मारली आणि आमचा नवा पत्ता लिहून घेण्यास सांगितलें. तिनें आमच्याच लेखाचें शेवटचें पान उलटें करून त्याच्या कोऱ्या बाजूवर तो लिहिला, आपल्या वडिलांचा मोबाईल नंबर दुसऱ्या कागदावर लिहून आमच्या हातीं दिला, आणि पान भिंतीवर चिकटविण्यास उठली. “अक्षर मोठें काढलेंस ना?” गुरुजींनीं विचारलें. काढलें होतें, ओसरीच्या पायरीवरूनसुद्धां शेवटचा आठ स्पष्ट दिसत होता.